सांगड घालायची कशी? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात ‘राफ्ट’ या संगणकावरील खेळाविषयी दोन परिच्छेद लिहिले होते. स्वीडनमधल्या रेडबीट इंटरॅक्टिव्ह या कंपनीने २०१८ च्या मे महिन्यात तो अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आणला आणि २०२२ च्या जूनमध्ये पूर्ण केला. भर समुद्रात चार चौकटींच्या तराफ्यावर उभा खेळाडू, त्याच्या हातात आकडा, पाण्यावरून वाहत येणाऱ्या फळ्या, प्लॅस्टिक आणि माडाची पाने, आणि अधूनमधून तराफ्याचा लचका तोडणारा शार्क, अशी त्याची मांडणी आहे. खेळ रंजक आहे, पण त्यातला तराफा काही तराफ्यासारखा वागत नाही, अशी तक्रार मी केली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पहिल्या दोन प्रश्नांनी बरीच जागा खाल्ली आहे. ती त्यांनी खावी अशीच आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही तिघे मित्र प्रकल्प म्हणून असाच एक खेळ तयार करत आहोत, मात्र समुद्राऐवजी कृष्णेचा महापूर घेतला आहे. वस्तीवर सापडणाऱ्या वस्तूंपासून तराफा बांधायचा आणि माणसे, शेळ्या, धान्याची पोती उंचावरच्या शाळेत पोहोचवायची. तराफ्याला खरे वजन आणि खरा तोल द्यावा असे मला वाटते, पण सगळेच खरे केले तर खेळ रटाळ होईल, असे आमच्यातल्या एकाचे मत आहे. काय ठेवावे आणि काय सोडावे?
— एक विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुमच्या मित्राचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. माझ्या मते तीन गोष्टी खऱ्या ठेवाव्यात : तरण, तोल आणि बांधणी. लाटांची बारीक गणिते, लाकडाचे कुजणे, खेळाडूच्या हाताला पडणारे घट्टे, हे सारे बिनदिक्कत सोडून द्यावे. तिन्हींत बांधणी सर्वांत महत्त्वाची, आणि खेळ तयार करणारे नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष करतात. पण तिच्याविषयी पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहितो.

तरणाचे गणित शाळेतलेच आहे. वस्तूचा बुडालेला भाग जेवढे पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल तिला मिळते. ३ मीटर लांबीचा आणि २० सेंटिमीटर जाडीचा सरळ ओंडका पूर्ण बुडाला तर सुमारे ९४ लीटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे त्याला ९४ किलोंचा आधार मिळतो. त्यातून ओंडक्याचे स्वतःचे वजन वजा केले की उरते ती त्याची उचल. वाळलेला पांगारा पाण्याच्या तीन दशांश घनतेचा धरला तर हा ओंडका २८ किलोंचा भरतो आणि ६६ किलोंची उचल देतो. आंब्याचा तेवढाच ओंडका साठ किलोंच्या आसपास जातो, त्याची उचल जेमतेम ३४ किलो. बाभळीचा ओंडका पंचाहत्तर किलोंचा, त्यामुळे उचल विसाच्याही आत. खैराचे गाभ्याचे लाकूड तर कधी कधी सरळ तळ गाठते. विहिरीवर पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला पूर्वी पांगाराच का बांधत, याचे उत्तर या आकड्यांत आहे. बहुतेक खेळांत मात्र ‘लाकूड’ या नावाची एकच वस्तू असते आणि कोणत्याही झाडावर कुऱ्हाड चालवली की तीच हाती पडते. तुमच्या खेळात झाडे ओळखण्याला किंमत द्या. बांधावरचा पांगारा दूर आणि दारातली बाभूळ जवळ ठेवली, तरी खेळाडूला विचार करावा लागेल. ओले लाकूड वाळल्यापेक्षा बरेच जड असते, एवढा एक नियम त्यात घातला तर पूर येण्याआधी लाकूड तोडून ठेवणाऱ्याला त्याचे फळ मिळेल.

कळकाचा, म्हणजे बांबूचा, हिशेब आणखी मजेदार आहे. १० सेंटिमीटर जाडीचा, एक सेंटिमीटर भिंतीचा आणि ४ मीटर लांबीचा कळक सुमारे ३१ लीटर पाणी सारतो आणि वाळलेला असेल तर आठच किलोंचा असतो, म्हणजे उचल तेवीस किलोंची. शिवाय कळकाची प्रत्येक पेर ही स्वतंत्र बंद डबी असते. एका पेरेला चीर गेली तर तेवढीच पेर पाण्याने भरते, बाकीच्या तरंगत राहतात. याउलट २०० लीटरचा प्लॅस्टिकचा ड्रम स्वतःचे दहा किलो वजा जाता १९० किलोंची उचल देतो खरा, पण त्याचे बूच सैल असले किंवा त्याला भोक पडले, तर ती सगळीच्या सगळी उचल एकदम जाते. ड्रम झटपट मिळणारा आणि दगा देणारा, कळक कष्टाचा आणि हळूहळू हार मानणारा, असा भेद तुम्ही खेळात आणू शकता, आणि तो पूर्णपणे खरा आहे. कळकाला खिळा मारला की पेर फुटलीच म्हणून समजावे, हेही त्यात घ्या.

उसाच्या पट्ट्यातला खेळ असेल तर गुळाची काहिल, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, विसरू नका. जुन्या पुरांत काहिलीत बसवून माणसे हलवल्याच्या आठवणी नदीकाठच्या थोरल्या माणसांकडे आजही ऐकायला मिळतात. काहिल रुंद आणि उथळ असल्याने पुष्कळ वजन घेते, पण तिला होडीसारखे पुढचे टोक नाही की कणा नाही, त्यामुळे ती जागच्या जागी गिरक्या घेते. आणि काठावरून एकदा पाणी आत आले की लोखंडाला तरंगायचे कारणच उरत नाही. ओंडक्यांचा तराफा पाण्याने न्हाला तरी तरंगतो, काहिल तरंगत नाही.

आता तोल. सपाट तराफा मुळातच स्थिर असतो आणि त्याचे श्रेय त्याच्या रुंदीला जाते. आयताकृती तराफ्यासाठी एक साधे सूत्र आहे : रुंदीचा वर्ग घ्यावा आणि त्याला पाण्यात बुडालेल्या खोलीच्या बारा पटीने भागावे. जे उत्तर येईल, साधारण तेवढ्या उंचीच्या वर, बुडालेल्या भागाच्या मध्यापासून मोजता, सगळ्या भाराचा गुरुत्वमध्य गेला की तराफा उलटतो. ३ मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर बुडालेल्या तराफ्यासाठी हे उत्तर पावणेचार मीटर येते. तेवढाच बुडालेला पण एकच मीटर रुंद असेल तर चाळीस-बेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे त्यावर माणूस ताठ उभा राहिला तरी धोका आहे. ‘राफ्ट’मध्ये लोक चिंचोळ्या तराफ्यावर तीन-तीन मजले चढवतात आणि काहीच होत नाही. तुमच्या खेळात मजला चढवू द्या, पण हे सूत्र मागे चालू ठेवा. भार वाढला की तराफा खोल जातो, खोल गेला की भागाकार लहान होतो, आणि त्याच वेळी वरचा भार उंचावलेला असतो. या दुहेरी मारामुळे पहिले दोन मजले निर्धोक वाटतात आणि तिसरा घात करतो.

एका काठावर सगळ्यांनी गर्दी केली तर काय होते, तेही पाहा. वरच्याच ३ मीटरच्या चौरस तराफ्याने १८०० किलो पाणी सारलेले आहे. त्याच्या एका काठाशी सरासरी सत्तर किलोंची सहा माणसे उभी राहिली तर तराफा पाच-सहा अंश कलतो आणि तो काठ सुमारे १५ सेंटिमीटर खाली जातो. काठ पाण्याच्या वर हातभर असेल तर हे चालून जाते, वीतभरही नसेल तर माणसांच्या पायांखाली पाणी येते आणि ती घाबरून आणखी एकमेकांवर रेलतात. शेळ्यांचे तर विचारूच नका.

संगणकाच्या बाजूने एक सूचना. प्रत्येक चौकट स्वतंत्र घन वस्तू म्हणून ठेवू नका आणि त्यांना सांध्यांनी जोडू नका. खेळ बनवण्याची प्रणाली युनिटी असो वा गोदो, शंभर सांधे थरथरू लागतात आणि तराफा आपोआप आकाशात उडतो. सगळा तराफा एकच घन वस्तू धरा, प्रत्येक चौकटीचा प्रत्येक कोपरा पाण्यात किती बुडाला आहे ते मोजा आणि त्या प्रमाणात त्या कोपऱ्याला वर ढकलणारे बल द्या. युनिटीत हे गणित मुळात सेकंदाला ५० वेळा होते, ते पुरेसे आहे. सोबत वेगाला विरोध करणारे थोडे बल जोडले नाही तर तराफा चेंडूसारखा उसळत राहील.

पाण्याची पातळी मीटरमध्ये दाखवू नका. सांगलीचा माणूस पुरात दर तासाला एकच प्रश्न विचारतो, आयर्विनला किती फूट? १९२९ साली खुल्या झालेल्या त्या पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका समजला जातो, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तुमच्या खेळाचे टप्पे तयारच आहेत.

प्रश्न : माझे आजोबा घायपाताचा वाख काढून दावी, कासरे वळत असत. माझा मुलगा ‘राफ्ट’ खेळतो, त्यात माडाची दोन पाने दिली की दोरी तयार होते. हे पाहून मला हसू आले. खेळात दोरीला काही मान देता येईल काय?
— एक शेतकरी वाचक, तासगाव तालुका

उत्तर : आपले पत्र वाचून मला माझीच एक फजिती आठवली. मी सातवी-आठवीत असताना आम्ही भावंडांनी मळ्यातले केळीचे चार खुंट शेजारी ठेवून, त्यांच्याभोवती सुतळीचे वेढे घालून तराफा केला आणि कमरेएवढ्या पाण्याच्या ओढ्यात ढकलला. केळीचा ताजा खुंट उत्तम तरंगतो, कारण त्याच्या पापुद्र्यांत हवेचे कप्पे असतात. आम्ही दहा-बारा हात पुढे गेलो असू, तेवढ्यात खुंटांची साल चिकाने बुळबुळीत झाली, सुतळी एका टोकाकडे सरकली आणि मधला खुंट साबणाच्या वडीसारखा निसटून पुढे निघून गेला. आम्ही पाण्यात बसलो. चारही खुंट तरंगतच होते, आणि तराफा मात्र राहिला नव्हता. पुढे एका गड्याने खुंटांतून आरपार बांबूच्या टोकदार काठ्या ठोकून दाखवल्या, तेव्हा तोच तराफा दोन दिवस टिकला.

आपल्या भाषेत भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून केलेल्या तरंडाला सांगड म्हणतात, आणि ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला आहे. तराफा म्हणजे लाकूड नव्हे, तराफा म्हणजे बांधणी, हे भाषेने केव्हाच ओळखले होते. खेळाने एवढे जरी ओळखले तरी पुष्कळ झाले.

दोरीची कृती आजोबांनी केली तशीच टप्प्यांत ठेवावी. घायपाताची पाने कापून पाण्यात कुजत घालायची, कुजल्यावर चेचून, धुऊन वाख वेगळा करायचा, वाळवायचा, मग पीळ द्यायचा. कुजण्याचा काळ खेळातल्या दिवसांत मोजावा आणि त्या वेळात खेळाडूला दुसरी कामे करू द्यावीत, म्हणजे कंटाळा येणार नाही. घाई असेल त्याला अंबाडी किंवा ताग मिळावा, समुद्रकाठी काथ्या मिळावा. काथ्या खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो आणि तरंगतोही. पिळाची गंमत मुद्दाम दाखवण्यासारखी आहे. दोन पदर स्वतंत्रपणे उजवीकडे पिळायचे आणि मग एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळायचे. प्रत्येक पदर उलगडायला बघतो, तसा तो दुसऱ्याला अधिक घट्ट धरतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो, पण ती मुळात दोरीचे अचूक निरीक्षण आहे.

त्यानंतर बांधणी. गल्लीत गणपतीचा मांडव पडत होता, तेव्हा मी कारागिराला बांबू धरून देण्याचे काम अर्धा तास केले आणि त्याचे हात पाहिले. आडवा बांबू उभ्यावर टेकवून त्याने दोरीचे तीन-चार वेढे दोन्हींभोवती घेतले. येथवर कोणीही करील. पण नंतर त्याने दोन वेढे दोन बांबूंच्या मधून, आधीच्या वेढ्यांच्या भोवती घेतले, टाच बांबूला लावून दोरी मागे ओढली आणि मगच गाठ मारली. पहिले वेढे बांबूंना धरतात, मधले वेढे त्या वेढ्यांना आवळतात. हे मधले आवळे न घेता मारलेली गाठ सरगाठ असो वा निरगाठ, हलत्या तराफ्यावर ती दोन दिवसांत सैल पडते. शिवाय गाठीपाशी दोरी वाकत असल्याने तिची ताकद तीस ते पन्नास टक्क्यांनी घटते, त्यामुळे जास्त गाठी म्हणजे जास्त मजबुती हा समज खेळाने मोडून काढावा.

ओलीचाही परिणाम घ्यावा. वाखाची किंवा तागाची पिळलेली दोरी भिजली की फुगते आणि आखूड होते, म्हणून कोरडी बांधलेली बांधणी पाण्यात अधिक आवळते. तीच ओली बांधली तर उन्हात वाळून ढिली पडते. चामड्याच्या वादीचे उलट आहे. ती ओली बांधावी, वाळताना ती आखडते, पण तराफ्यावर पुन्हा भिजून मऊ पडते, म्हणून ती छपरासाठी चांगली आणि तळासाठी वाईट. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि गुळगुळीत असल्याने गाठ सरकते. एवढ्या चार नियमांवर एक आख्खा खेळ उभा राहू शकतो.

दोरीवर ओढ किती येते, याचाही अंदाज देतो. तराफा काठावरच्या झाडाला बांधला आहे आणि त्याचा पाण्याखालचा पुढचा भाग ३ मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल आहे, असे समजू. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल तर दोरीवर सुमारे ३० किलोंची ओढ येते, माणूस ती हाताने धरील. वेग दोन मीटर झाला की ओढ १२० किलोंवर जाते, तीन मीटरला ती पावणेतीनशे. वेग तिप्पट आणि ओढ नऊपट, हे ज्याला माहीत नाही तो खेळाडू पाणी वाढताना दोरी बदलणार नाही आणि तराफा गमावील. तो गमावू द्यावा, पण आधी इशारा द्यावा : एकेक तंतू सुटलेला दिसावा, करकर ऐकू यावी. दुरुस्तीही सोपी असावी. सैल बांधणीत दांडकी खुपसून पीळ द्यायचा, जसा उसाच्या गाडीवरचा दोर आवळतात, किंवा फटीत पाचर ठोकायची.

वरच्या पत्रातल्या विद्यार्थ्यांसाठी येथेच लिहितो : प्रत्येक बांधणीला झिजेचा एक आकडा द्या. तो शून्य झाला की ती बांधणी काढून टाका आणि उरलेल्या बांधण्यांच्या जाळ्यातून सर्व चौकटींपर्यंत पोहोचता येते का, ते तपासा. पोहोचता आले नाही तर एका तराफ्याचे दोन झाले. हे गणित दर क्षणाला करायची गरज नाही, बांधणी तुटेल तेव्हाच करावे. अर्धा तराफा शेळ्यांसकट दूर वाहत जाताना पाहणे, हा अनुभव कोणताही शार्क देऊ शकणार नाही.

प्रश्न : खेळात समुद्राचे पाणी एका भांड्यात ओतून खाली फळी जाळली की पिण्याचे पाणी मिळते. माझ्या मुलाचे म्हणणे असे की खरेही तसेच होत असेल. खारे पाणी उकळले तर ते गोडे होते काय?
— एक पालक, कराड

उत्तर : नुसते उकळून होत नाही, उलट पाणी आटते आणि मीठ मागे राहून ते अधिक खारट होते. वाफ धरून ती थंड करावी लागते. खेळातल्या भांड्यात तेच चालते असे समजले तरी हिशेब बसत नाही. एक लीटर पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे अडीच हजार किलोज्यूल उष्णता लागते, आणि उघड्या चुलीवर लाकडाच्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्याला पोहोचते. म्हणजे लीटरभर पाण्यासाठी एक ते दीड किलो कोरडे लाकूड. पाणी पिण्यासाठी तराफाच जाळायची वेळ येईल. उन्हावर चालणारे काचेचे किंवा प्लॅस्टिकचे ऊर्ध्वपातन यंत्र त्यापेक्षा शहाणपणाचे, पण एक चौरस मीटरच्या यंत्रातून चांगल्या उन्हातही दिवसाला तीन-चार लीटरच निघतात. समुद्राच्या लीटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते आणि आपले मूत्रपिंड इतके खारट मूत्र तयार करू शकत नाही, म्हणून ते पिणाऱ्याच्या शरीरातलेच पाणी मीठ बाहेर टाकण्यात खर्ची पडते. मुलाला हे सांगताना मिठाची वाटी समोर ठेवावी. ३५ ग्रॅम म्हणजे किती, हे डोळ्यांना दिसले की पुढचे बोलायला लागत नाही.

प्रश्न : शिडाचा तराफा वाऱ्याच्या विरुद्ध जाऊ शकतो का? बामणोलीला कोयनेच्या जलाशयात लाँचमधून जाताना हा प्रश्न मनात आला.
— एक वाचक, वाई

उत्तर : विरुद्ध जवळपास नाही, तिरपा मात्र जातो, आणि तोही खाली पाण्यात फळ्या सोडल्या तरच. सपाट तळाला पाणी आडवे धरता येत नाही, त्यामुळे शीड कसेही फिरवले तरी तराफा वाऱ्याबरोबर घसरतो. ओंडक्यांच्या फटींतून उभ्या फळ्या खाली सरकवल्या की हे घसरणे कमी होते आणि पुढची-मागची फळी वरखाली करून दिशाही बदलता येते. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील लोक हे पूर्वापार करत आले आहेत.

नॉर्वेच्या थोर हेयरडालने १९४७ साली ‘कॉन-टिकी’ नावाच्या तराफ्यातून पाच सोबत्यांसह पेरूतील कयाओ बंदर २८ एप्रिलला सोडले आणि १०१ दिवसांनी, ७ ऑगस्टला, तो पॅसिफिकमधील रारोइआच्या प्रवाळ खडकांवर आदळला. अंतर सुमारे ६९०० किलोमीटर, म्हणजे सरासरी वेग ताशी तीन किलोमीटरांच्याही आत. आपण बाजाराला चालत याहून भरभर जातो. तराफा बाल्साच्या नऊ ओंडक्यांचा होता आणि खिळा न वापरता दोरांनी बांधलेला होता. दोर झिजून तुटतील, असे भाकीत जाणत्यांनी केले होते. प्रत्यक्षात बाल्सा इतका मऊ निघाला की दोर लाकडात रुतून बसले आणि घासलेच गेले नाहीत. मऊ लाकूड दोर वाचवते आणि कठीण लाकूड दोर खाते, हा नियमही तासगावच्या वाचकांच्या यादीत जोडायला हरकत नाही.

प्रश्न : शार्क खरोखर लाकूड खातो का?
— इयत्ता नववीची एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : नाही, कुतूहलाने एखादा चावा घेईल एवढेच. लाकूड खाणारा खरा शत्रू बोटाएवढ्या जाडीचाही नसतो. शिंपल्यांच्या कुळातला पण अळीसारखा दिसणारा एक प्राणी समुद्रातल्या लाकडात शिरतो आणि आतून ते मधमाशांच्या पोळ्यासारखे पोखरतो. बाहेरून काही दिसत नाही. कोलंबसाच्या चौथ्या सफरीतली गलबते यानेच इतकी पोखरली की १५०३ साली त्याला ती जमैकाच्या किनाऱ्यावर लावून तेथेच अडकून पडावे लागले. तुला असा खेळ सुचवायचा असेल तर शार्कऐवजी हा प्राणी घाल, आणि त्यावर उपाय म्हणून डांबर. कृष्णेच्या गोड्या पाण्यात तो नसतो, त्यामुळे आपल्याकडे काळजी नाही.

प्रश्न : मी सहावीत आहे. मला आणि माझ्या मित्राला खरा तराफा बांधून आमच्या शेततळ्यात सोडायचा आहे. घरचे नको म्हणतात. तुम्ही त्यांना सांगा.
— एक बाल वाचक, आटपाडी

उत्तर : मी घरच्यांच्याच बाजूने आहे. शेततळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहणारा मोठा माणूसही वर चढू शकत नाही, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून काय झाले ते तुझ्या घरात कोणीतरी तुला सांगेल. पण तराफा तू बांधावास, आणि तो परातीत सोडावास. ज्वारीची वाळलेली धाटे घे, वीतभर लांबीचे दहा तुकडे कर, दोन आडवी धाटे खाली-वर ठेवून ते दोऱ्याने बांध. एक तराफा नुसत्या वेढ्यांनी बांध आणि दुसरा वर लिहिल्याप्रमाणे मधले आवळे घेऊन. दोन्हींवर हरभऱ्याची डाळ चमच्याने मोजून टाक, आधी मधोमध, मग एका काठाशी, आणि प्रत्येक वेळी तराफा कितव्या चमच्याला कलला ते वहीत मांड. मग दोन्ही रात्रभर पाण्यात राहू दे आणि सकाळी पुन्हा मोज. धाटाच्या आत भेंड असते, ते पाणी पिते, त्यामुळे सकाळचे आकडे वेगळे येतील. किती वेगळे, ते मला पत्राने कळव. पुढच्या अंकात छापतो.